रविवारचा पाय

माणसं माझ्याकडे मान दाखवायला येतात आणि दोष उशीला देतात. नाहीतर गादीला, नाहीतर रात्री लावलेल्या पंख्याला. दिवसभर खुर्चीत कोलमडून, हनुवटी कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकेल इतकी पुढे काढून बसायचं आणि दोष द्यायचा तो बिचाऱ्या उशीला. मी त्यांना झापते. जळगावात मेहरूणच्या रस्त्याला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे आणि "हेमलता मॅडम हाताने बरं करतात, पण तोंडाने मारतात" अशी माझी ख्याती आहे. ती खोटी नाही.

मोहिनी आली तेव्हा तिलाही झापलं. केळीचे ट्रक उत्तरेकडे पाठवणाऱ्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ती बिलिंग करायची. मान पुढे, खांदे कानाकडे चढलेले, पाठीला पोक. वय तिशीच्या आतलं आणि बसणं म्हातारीचं. दुखणं मानेपासून उजव्या खांद्यात, तिथून दंडातून उतरून अंगठ्यापर्यंत जायचं. बोटांना मुंग्या यायच्या. असे रुग्ण मी रोज बघते, त्यामुळे मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

मी तिला सगळं शिकवलं. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणायचा, खाली जाडजूड पुस्तकं ठेवायची. कोपर टेबलावर टेकलं पाहिजे. अर्ध्या तासाने उठायचं, मालक डोळे वटारेना का. हनुवटी सरळ रेषेत मागे न्यायची, खांद्याची पाती एकमेकांकडे ओढायची, धरायची, सोडायची. बाकीचे लोक हे व्यायाम माझ्यासमोर करतात आणि घरी गेल्यावर विसरतात. मोहिनी मात्र मन लावून करायची. ऑफिसात बायका हसल्या तरी करायची.

आणि तिला बरं वाटायचं. शनिवारी मान हलकी असायची, हात वर जायचा. सोमवारी आली की पुन्हा लाकूड. प्रत्येक सोमवारी हेच. मी चिडले. म्हटलं, रविवारी असं करतेस तरी काय, गोधड्या धुतेस की पोती उचलतेस? मी अजून बोलले. मग ती खाली बघत म्हणाली, "रविवारी घरी उपचार असतो, मॅडम."

मी तिची ओढणी बाजूला केली आणि कुडत्याचा गळा मागून खाली ओढला. मान जिथे पाठीला मिळते तिथे, उजव्या बाजूला, काळानिळा डाग होता. त्याच्याखाली जुना, पिवळा पडलेला. मी रोज माणसांची शरीरं हाताळते. टाच कशी उमटते ते मला कोणी सांगायला नको.

"हे पायाळू आहेत," मोहिनी म्हणाली. हे म्हणजे तिचा नवरा, योगेंद्र.

मी शिरपूरकडची आहे, त्यामुळे पायाळू म्हणजे काय हे मला माहीत आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमच्याकडे उसण भरली, पाठ धरली की लोक डॉक्टर शोधत नाहीत, पायाळू शोधतात. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते म्हणतात. मीही लहानपणी घेतलाय. आमच्या गल्लीत एक पायाळू मुलगी होती, ती चवड्याने हलकेच स्पर्श करायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. उसण उतरते की नाही हे मी सांगणार नाही, पण त्यानं कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. तो पाय लावायचा असतो. टाचेने हाणायचा नसतो, आणि मानेवर तर कधीच नाही.

मी दार लावून घेतलं आणि तिला बोलतं केलं. पहिली लाथ रागातली होती. ऑफिसातून यायला उशीर झाला, लॅपटॉप घरी आणला, तो उघडून बसली आणि नवऱ्याला पाणी द्यायला उठली नाही. तो मागून आला. दुसऱ्या दिवशी मान वळेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घरात पायाळू असताना बाहेर कशाला जायचं, रविवारी लोकांना पाय देतो तसा तुलाही देईल. तेव्हापासून दर रविवारी, लोक गेल्यावर, सासूबाई आतल्या खोलीत स्वतः चटई टाकून द्यायच्या. मोहिनी पालथी पडायची. तो दार लोटायचा.

"रागावलेले नसतात," ती म्हणाली. "तेच जास्त वाईट वाटतं. आठवडाभराचं सगळं आठवून आठवून मारतात."

हा योगेंद्र आठवड्याचे सहा दिवस स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे उभा असायचा आणि मालकाच्या शिव्या खायचा. सातव्या दिवशी त्याच्या दारात लोक चपला काढून बसायचे, त्याची आई तांब्याने त्याचा पाय धुवायची आणि म्हातारी माणसं त्याच्यासमोर वाकायची. त्या एका दिवसाची त्याला चटक लागली होती. लोकांना चवडा आणि बायकोला टाच.

मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी एमआरआय काढून घेतला आणि मला फोन केला. मानेच्या मणक्यांमधली एक गादी बाहेर सरकली होती आणि हाताच्या नसेवर बसली होती. नुसत्या बसण्याने हे एवढं झालेलं नाही, ते म्हणाले, वरून मार आहे. हाताची ताकद कमी झालीच आहे, तिथे अजून एक जोराचा धक्का बसला तर हात जाईल, आणि दैव वाईट असेल तर पायही जातील. तिला पोलिसात चल म्हटलं तर ती घाबरली. माहेर धुळ्याला, वडील गेलेले, भाऊ बोलवत नाही. नोकरी हाताची. हात गेला तर तिच्याजवळ काय उरणार, हे तीही जाणत होती आणि मीही.

मी सासूला निरोप पाठवला की सुनेला व्यायाम घरी कसे करवायचे ते शिकायला या. सुनंदाबाई आल्या. ठेंगणी, टापटीप बाई, नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, तुमचा मुलगा हिला मारतो.

त्या शांतपणे अहिराणीत म्हणाल्या, "मन्हा पोऱ्याना पायले गुन शे, ताई. साक्रीथून लोके येतस. तो जलमना तवय पहिले पाय उनात. मी मरता मरता वाचनू. देवनी उगाच दिधा का तो पाय?"

"ती ओरडते ते ऐकता ना तुम्ही?"

"दुखनं निंघस तवय मानूस आरडसच."

"कधी डोळ्यांनी बघितलंत?"

"सूनना आंगले पाय लावाना तर काय बठ्ठा लोकेसना समोर लावाना? दार लोटेल ऱ्हास."

माझं डोकं फिरलं. मी मोहिनीला पालथं झोपवलं, कुडता सरकवला, सुनंदाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांचा तळवा त्या डागावर दाबून ठेवला. मोहिनी कळवळली. त्या हात ओढायला लागल्या, मी सोडला नाही. या टाचेला तुम्ही तो लहान असताना तेल लावलंय, म्हटलं, तुम्हीच सांगा ही किती जोरात पडली असेल. आणि डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, हात जाईल, पाय जातील, सगळं. सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. पदर सावरून त्या निघून गेल्या. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

दोन दिवसांनी योगेंद्र क्लिनिकवर आला. बँकेतले एक कॅशियर मानेला शेक घेत पडले होते. योगेंद्रने दारातलं स्टूल लाथेने उडवलं, ते भिंतीवर आपटलं आणि स्टुलाचा एक पाय मोडला. मग त्याने शेक देण्याचं मशीन टेबलावरून खाली ओढलं. कॅशियर गळ्यात वायरी घेऊन ओरडत उठले आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"माझ्या बायकोच्या डोक्यात काय भरवताय तुम्ही?" योगेंद्र म्हणाला आणि त्याने माझा दंड पकडला. पकड चांगली होती. "मी नुसता पाय लावतो. लोक हात जोडून मागतात माझा पाय."

मानेपासून खांद्याकडे जो स्नायू उतरतो, त्याच्या मधोमध एक जागा असते. तिथे अंगठा बरोबर रुतवला की पैलवानही खाली बसतो. मी माझा मोकळा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि सगळं वजन अंगठ्यावर टाकलं. तो आधी वाकडा झाला, मग गुडघ्यावर आला. तोंड उघडं, आवाज नाही. मी अजून दाबलं, कारण मला दाबावंसं वाटत होतं.

"हाच अंगठा मी रोज लोकांना उपचार म्हणून लावते," मी म्हटलं. "आता तुला बरं वाटतंय का, सांग."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सोडला. जाताना तो दारात थांबला. "रविवारी या घरी," तो म्हणाला. "औषध कसं देतात ते सगळ्यांसमोर दाखवतो." कॅशियरना त्या दिवशी मी पैसे मागितले नाहीत. त्यांनीही परत येण्याची तारीख विचारली नाही.

मी त्याला दुखवलं याचं मला काही वाटलं नाही. पण याचा वचपा तो कोणावर काढणार ते स्पष्ट होतं. मी मोहिनीला फोन करून म्हटलं, आत्ताच माझ्याकडे राहायला ये. ती म्हणाली की सासूबाईंनी तिला दोन दिवस स्वतःच्या खोलीत झोपवून घेतलंय आणि आतून कडी लावतात. का, ते त्या सांगत नाहीत.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. तलावाच्या मागच्या बाजूला नव्या वस्तीतलं घर, पुढे शहाबादी फरशीचा ओटा. ओट्यावर पाच-सहा माणसं बसलेली. साक्रीकडून आलेले बन्सीलाल नावाचे एक धिप्पाड गृहस्थ पाठ धरून कण्हत होते, एक ट्रकवाला होता, दोन बायका होत्या. योगेंद्र लाकडी खुर्चीवर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. सुनंदाबाईंनी ताटात त्याचा उजवा पाय धुतला, पुसला. माझ्याकडे बघितलंही नाही.

बन्सीलाल ओट्यावरच्या चटईवर पालथे झाले. योगेंद्रने चवडा त्यांच्या कमरेवर ठेवला, उचलला, परत ठेवला. इतका अलगद की ओट्यावर झोपलेलं मूल जागं झालं नसतं. बन्सीलाल उठले, हात जोडले आणि खरंच ताठ उभे राहिले. मग ट्रकवाला. मग बायका, त्यांना साडीवरून नुसता अंगठा. मी ते सगळं बघत होते. तो माणूस हळू पाय लावू शकत होता.

"आता मोहिनी," तो म्हणाला. "आज दार उघडंच ठेवतो. डॉक्टरबाई बघायला आल्यात."

मोहिनी आतल्या दारात उभी होती. ती चौकट धरून राहिली, पुढे आली नाही. तो उठला, तिच्या वेणीला हात घातला आणि तिला ओट्यावर ओढली. तिची मान मागे गेली. मी धावले. ट्रकवाल्याने मला मधेच अडवलं, "औषधमा आडवं नका येऊ, ताई." मी त्याच्या नडगीवर लाथ घातली, पण तो हलला नाही. माझे दोन्ही हात त्याने धरून ठेवले. योगेंद्रने मोहिनीला चटईवर पालथी पाडली आणि तिच्या डोक्याशी उभा राहिला. पाय उचलताना या वेळी चवडा वर होता आणि टाच खाली.

सुनंदाबाई मधे आल्या. त्यांनी सुनेला दोन्ही हातांनी बाजूला लोटलं, अक्षरशः लाटण्यासारखं लोळवलं, आणि तिच्या जागेवर स्वतः पालथ्या पडल्या. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"पहिले माले दे," त्या म्हणाल्या.

"माय, तुले काय जयं?"

"पाठ धरेल शे. दे."

योगेंद्र हसला, लोकांकडे बघितलं आणि चवडा त्यांच्या पाठीला लावून काढला.

"इतलंच?" सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांचा गाल चटईला टेकलेला होता. "आते तिले देस तितलं दे."

योगेंद्र खाली वाकला. "ऊठ, माय. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे ना. औषध शे ना ते? मंग देखू दे बठ्ठास्ले. तिले देस तितलं माले दे."

"ऊठ म्हनस ना."

"नही उठाव. तुन्हा पायमुये मी मरता मरता वाचनू. आते देखू दे माले, काय जलमले घातं मी."

बन्सीलाल म्हणाले, "काय भानगड शे, भाऊ?" त्या साध्या प्रश्नाने योगेंद्रच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं. तो लाल झाला. आईला दंडाला धरून उठवायला गेला, तिने अंग सैल सोडलं, उठली नाही. त्याने परत ओढलं. मग सरळ झाला आणि टाच मारली. पाठीच्या डाव्या बाजूला, बरगड्यांवर. सगळ्या ताकदीने. आवाज ओट्यावरच्या प्रत्येकाने ऐकला. थांबला नाही, दुसरी मारली. दर रविवारच्या सवयीचा पाय होता तो, एकीवर थांबणं त्याला माहीतच नव्हतं.

ट्रकवाल्याचे हात माझ्या मनगटांवरून गळून पडले. पुढे सरकले ते बन्सीलाल. त्यांनी योगेंद्रच्या छातीत डोकं घातलं आणि दोघं खुर्चीसकट पायरीवरून खाली गेले. ट्रकवाला गेला. गल्लीतले लोक आले. ज्या माणसांनी थोड्या वेळापूर्वी हात जोडले होते त्यांनी त्याला पायाखाली घेतला, बायका चपलेने मारत होत्या. मला दिसत होतं की त्याचा उजवा गुडघा भलत्याच दिशेला वळलाय आणि तरी बन्सीलाल त्यावर उभे आहेत. मी त्यांना थांबा म्हणाले नाही. मला वेळ नव्हता, आणि असता तरी म्हटलं असतं की नाही कोण जाणे.

सुनंदाबाईंना श्वास घेता येत नव्हता. ओठ निळे पडत चालले होते. मी त्यांना दुखऱ्या कुशीवर वळवलं, कोणीतरी आतून आणलेली उशी बरगड्यांना दाबून धरली, लहान लहान श्वास घ्यायला लावले. मोहिनी रांगत आली होती. तिच्या मानेला आज पाय लागला नव्हता. तिने आपला उजवा, बिनताकदीचा हात सासूच्या हाताखाली सरकवला.

सुनंदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "इतलं दुखस?" त्या म्हणाल्या. एकेक शब्दासाठी थांबत होत्या. "इतलं? आनि चटई मीच टाकी देत व्हतू."

"बोलू नका, आई," मोहिनी म्हणाली. "श्वास घ्या. मॅडम सांगतात तसा घ्या." आणि रडायला लागली. मीही रडले. माझा तर राग अजून उतरला नव्हता, त्या बाईवरचाही नाही.

तीन बरगड्या मोडल्या होत्या, एकीचं टोक फुप्फुसात गेलं होतं. छातीत नळी घातली. योगेंद्र त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर होता, पाय प्लास्टरमध्ये, बाहेर पोलीस. दुपारी हवालदार जबाब घ्यायला वर आला. इकडचाच माणूस, वयाने बराच मोठा. तो स्टूल ओढून बसला आणि सुनंदाबाईंशी आदराने बोलला.

"आक्का, तुम्हना पोऱ्या पायाळू शे ना? उसन काढता काढता जोरमा लागी गया, आसंच ना?" त्याने पेनचं टोपण काढलं. तो वाईट माणूस नव्हता. एका आईला मुलाविरुद्ध बोलावं लागू नये म्हणून तो तिला वाट काढून देत होता.

सुनंदाबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, ती वाट त्या धरणार. मोहिनीलाही तेच वाटलं असावं, कारण तिने पलंगाच्या कडेची पकड सोडली.

"उसन नव्हती," सुनंदाबाई म्हणाल्या. "औषध नव्हतं. लाथ मारी तेनी माले. सूनले मारस तशीच मारी. लिखा."

हवालदार लिहीना. त्यांनी तेच वाक्य परत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नळीच्या बाटलीत बुडबुडे येत असताना म्हटलं, आणि तो लिहीपर्यंत त्याच्या पेनाकडे बघत राहिल्या.

"आते सूनले ईचारा," त्या म्हणाल्या. "मी दारना बाहेर बशेल व्हतू. मदमा काय व्हये ते तिले माहीत शे."

मोहिनीने खुर्ची हवालदाराच्या समोर आणली, पाठ टेकवून बसली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.